शनिवारचा मुक्काम

२ एप्रिल २००६, रविवार

आजही सांगितलं नाही.

सकाळी रोडिंग नदीच्या काठाने चाललो, मी आणि शानी. तोंडावर मी तिला शानीबाई म्हणते, अहो-जाहो करते. नणंद आहे, सहा वर्षांनी मोठी. इथे नुसती शानी. स्वतःच्या वहीत एवढी सूट घ्यायला हरकत नसावी.

पुलाखाली पोचेपर्यंत वाक्य तयार होतं. "शानीबाई, एलियट म्हणतोय मी मँचेस्टरला यावं." तेवढ्यात ती म्हणाली, "पाय उचलून टाक जेमिमा, फरफटत काय चालतेस!" झालं. वाक्य गेलं नदीत.

माझा मुलगा एलियट तिथे घराच्या मागे माझ्यासाठी खोली बांधणार आहे. बिल्डरला जूनअखेर हो की नाही ते हवंय. हो म्हटलं की इल्फर्डचं हे घर विकायचं. नवरा, रुबेन, गेल्यापासून घर माझ्या नावावर आहे, पण शानी यात माझ्याही आधीपासून राहते. माझं लग्न सत्तर सालचं. भायखळ्याहून इथे लंडनला आले तेव्हा दार तिनेच उघडलं होतं. छत्तीस वर्षं झाली.

मला जायचंय. नात आहे म्हणून, हे सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण हे की छत्तीस वर्षांत एकदाही मीठ कुठल्या डब्यात ठेवायचं ते मी ठरवलेलं नाही.

५ एप्रिल, बुधवार

शानीने एक चकचकीत माहितीपत्रक टेबलावर टाकलं. फ्रान्स! बर्गंडीत कुठेतरी कालव्याकाठी चालायचं, सहा दिवस, रोज नवं गाव. सामान व्हॅनने पुढे जातं. आपण फक्त पाण्याची बाटली घेऊन चालायचं. अवघडपणाचे बूट छापलेत. तीन बूट म्हणजे डोंगर. आमच्या सहलीला एक.

"जूनमध्ये जाऊ. तोपर्यंत दर रविवारी चालायचं. तुझे पाय म्हणजे नुसते लोणी झालेत."

मी हो म्हटलं. ती दचकली. मी सहजासहजी हो म्हणत नाही. पण मी विचार केला, कालव्याकाठी बरं. तिथे आपटायला दार नाही, निघून जायला वरची खोली नाही. तिथे सांगेन.

९ एप्रिल, रविवार

चालायच्या पँट आणल्या तिने. गुडघ्यावर चेन! उघडली की खालचा पाय सुटून हातात येतो. मी आरशासमोर एकच पाय काढून उभी होते तर शानी इतकी हसली की तिला जिन्यात बसावं लागलं.

१६ एप्रिल, रविवार

वल्हांडणाचा सण चालू. चाललो नाही. बिनखमिराच्या भाकऱ्या जाड झाल्या. माझ्यामुळे, असं ठरलं.

२३ एप्रिल, रविवार

कंपनीचा फॉर्म मी भरला. शानीचा चष्मा वर होता आणि तिला जिना चढायचा कंटाळा. "काही खास गरज?" असा रकाना होता. मी लिहिलं — मांस नको, खवल्यांचा मासा चालेल, अंडी चालतील. शानीने मान हलवली. पाकीट बंद केलं. मला फार हुशारी वाटली.

७ मे, रविवार

वॉन्स्टेड पार्कच्या रानात ब्लूबेल्स फुलल्यात. जमीनच निळी दिसते. चार तास चाललो. डाव्या टाचेला फोड.

शानीने मला ओंडक्यावर बसवलं, बूट काढला, माझा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. छत्तीस वर्षं नर्स होती ती, त्या मोठ्या हॉस्पिटलात. पिशवीत सुई, दोरा, स्पिरिट सगळं. फोडातून दोरा ओवला आणि तसाच ठेवला. म्हणे त्याने पाणी निघून जातं. येणारे-जाणारे बघत होते. मला लाज वाटली. तिला काही नाही.

पाय तिच्या मांडीवर असताना कसं सांगायचं? जिभेवर आलेलं गिळलं.

८ मे, सोमवार

एलियटचा फोन. "मम्मी, शानी आंटीला सांगितला का? इट्स मे ऑलरेडी."

म्हटलं, सांगते रे.

"शी कॅन गेट अ कौन्सिल फ्लॅट, नो? शी वॉज अ नर्स. दे हॅव प्रायॉरिटी आणि ऑल दॅट."

म्हणजे सरकारी भाड्याचं घर. शानी स्वयंपाकघरात डाळ धूत होती. मी हळू बोलत होते, पण एलियटचा आवाज फोनमधूनही जिन्यापर्यंत जातो. बापावर गेलाय.

पोरगा वाईट नाही. त्याला आई हवी आहे, आत्याचं काय करायचं ते सुचत नाही. मला तरी कुठे सुचतंय?

२८ मे, रविवार

ली नदीचा कालवा. टॉटनहॅमपासून वॉल्थम ॲबीपर्यंत. चौदा किलोमीटर तरी नक्की! मध्ये एका लॉकवर बोट वर चढताना बघत उभ्या राहिलो. दोन दारं, मध्ये हौद. एक दार घट्ट लावल्याशिवाय दुसरं उघडतच नाही. शानी म्हणाली, "बघ, किती शिस्त आहे." तिला जगातलं सगळं शिस्तीच्या बाजूने दिसतं.

मी आज सांगायचं ठरवलंच नव्हतं. त्यामुळे दिवस छान गेला.

११ जून, रविवार

उद्या निघायचं. बाहेर गाडीगाडीवर इंग्लंडचे झेंडे, फुटबॉलसाठी. शानीने प्रवासासाठी मालिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वर पाच फळं. आम्ही दोघीच. पुरुषमाणूस नाही, तर प्रेषित एलियाहू हन्नाबीची प्रार्थना तिनेच म्हटली, रुबेन म्हणायचा त्याच चालीत. मला एकदम रडू आलं. ती म्हणाली, "केळं कापायचं राहिलंय." मी केळं कापलं.

बॅगेत — तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवडा, सार्डिनचे डबे आठ. फ्रान्समध्ये उपाशी मरणार आहोत अशी तयारी.

१३ जून, मंगळवार

वॉटर्लूहून पॅरिस, पॅरिसहून छोटी गाडी, मग टॅक्सी. गावाच्या नावात जेवढी अक्षरं आहेत त्यातली निम्मीसुद्धा ही माणसं उच्चारत नाहीत.

आज अकरा किलोमीटर. कालवा डावीकडे, यॉन नदी उजवीकडे, मध्ये आम्ही. रस्ता सपाट. दोन्हीकडे उंच पॉपलर. दर किलोमीटरभरावर लॉक, लॉकशेजारी छोटं घर, घरापुढे भाज्यांचे वाफे. कंपनीच्या कागदावर सगळं लिहिलेलं. "कालवा डावीकडे ठेवून चाळीस मिनिटं चाला. तिसऱ्या लॉकवर पूल ओलांडा." शानी कागद माझ्याच हातात देते. म्हणते, "तू वाच. तू वाट दाखव." आजवर तिने मला कधी दळणाची पिशवीसुद्धा विश्वासाने दिली नव्हती.

मग रान. ओक आणि बीचची झाडं, खाली गार सावली. कोकीळ नाही, कुकू. दोघी अजिबात बोललो नाही. बरं वाटलं.

१५ जून, गुरुवार

पाय ठीक. अंडी, अंडी, अंडी. काल एका खानावळवाल्याने आमच्यासाठी ट्राउट भाजला. शानीने आधी खवले बघितले, मग हात लावला.

दोनदा सुरुवात केली. एकदा सायकलवाले आले. एकदा मीच "शानीबाई..." म्हणून पुढे "पाणी हवं का?" म्हटलं. साठ वर्षांची बाई मी, आणि शाळेतल्या पोरीसारखं!

१६ जून, शुक्रवार, दुपार

घोळ झालाय. आणि माझ्यामुळेच.

उद्याचा कागद वाचला. "दिवस सहावा — तेरा किलोमीटर." शनिवारी! त्या फॉर्ममध्ये मी मासा लिहिला, अंडी लिहिली, शब्बाथ, शनिवारी प्रवास बंद, ते लिहिलं नाही. सुचलंच नाही. आमच्या घरात शनिवार कुणाला सांगावा लागतो का? आजीच्या गावाला तर आम्हा ज्यू लोकांना नावच शनवार तेली होतं. सगळ्या गावाला ठाऊक, शनिवारी यांचा घाणा बंद.

शानी म्हणाली, "मला वाटलं तू लिहिलंस."

मी म्हटलं, "मला वाटलं ते सगळ्यांना माहीत असतं."

"फ्रेंचांना?"

शेवटी खाली जाऊन खानावळीच्या बाईंना हातवारे करून सांगितलं — उद्या नाही, परवा. शानीने डोळे मिटून, गालाखाली हात घेऊन झोपून दाखवलं. बाईंना वाटलं ही आजारी आहे. पण खोली आणखी एक रात्र मिळाली. परवा व्हॅन आम्हाला थेट शेवटच्या गावी नेईल.

शानी आता दोन मेणबत्त्या शोधतेय. सूर्य मावळायला इथे दहा वाजतात. शब्बाथला लिहायचंही नाही, पुढचं परवा लिहीन.

१८ जून, रविवार

क्रमाने लिहिते.

शनिवारी सकाळी उठले आणि चार दिवसांच्या सवयीने दोन्ही बॅगा खाली दाराशी नेऊन ठेवल्या! साडेआठला व्हॅन आली आणि घेऊन गेली. शानीची रक्तदाबाची गोळी, कागद, कपडे, सगळं पुढच्या गावी. आम्ही इथे, अंगावरच्या कपड्यांत. फोन करायचा नाही, गाडीत बसायचं नाही. शानी मला रागावली नाही. तेच वाईट. नुसतं म्हणाली, "एक दिवस गोळी नाही घेतली तर मरत नाही कुणी. नर्स आहे मी."

शब्बाथला गावाच्या शेवटच्या घरापासून दोन हजार हातांपर्यंत चालता येतं. शानीच्या हिशेबाने ती हद्द म्हणजे दुसरं लॉक. तिथे बाक आहे. ती बाकावर बसली. मी उभीच. दोन तास पाण्याकडे बघून मला कंटाळा आला.

"मी जरा पुढे जाऊन येते."

"हद्द संपली."

"तुमची."

मी गेले.

खरं लिहायचं तर, आयुष्यात मी एकटी कधी चाललेच नव्हते. बापाचं घर, मग नवऱ्याचं, त्यात नणंद. दुकानात एकटी जाते, पण ते जाणं कोथिंबिरीसाठी. इथे कशासाठीच नाही. तासभर चालले असेन. एक बगळा माझ्यापुढे उडायचा, थांबायचा, मी जवळ गेले की परत उडायचा. एक म्हातारा गळ टाकून बसला होता, बाँजूर म्हणाला. मीही म्हटलं, चुकीचं असेल. पाय उचलून टाक म्हणणारं कुणी नव्हतं. मला मोकळं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं ते वाटलं नाही, आणि त्याचीही मला लाज वाटली नाही.

मग भूक लागली, आणि वाटेचा कागद बॅगेत गेलेला. परत फिरले.

शानी तिथेच होती. तशीच, हात मांडीवर. मी बसले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. मँचेस्टर, खोली, घर विकायचं, जूनअखेर. सगळं एका दमात. नमनाला घडाभर तेल घालून घालून अडीच महिने गेले आणि प्रत्यक्ष सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

शानी म्हणाली, "बरं झालं बोललीस. मॉरीन मला कधीची बोलावतेय."

मॉरीन म्हणजे तिच्या वॉर्डातली जुनी मैत्रीण. नवरा गेल्यावर वेल्सला समुद्रकाठी राहायला गेली. मी तिला दोनदा पाहिलंय.

"बंगल्यात एकटी असते. ये म्हणते, दोघी राहू. मीच टाळत होते."

"का?"

"तुझ्यासाठी. तुला एकटीला जमलं नसतं."

माझ्यासाठी! मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. म्हणजे मी अडीच महिने हिच्यापायी झुरतेय, आणि ही आपली माझ्यावर उपकार करत बसलीये! मग ती हसायला लागली. मग मीही. दोघी म्हाताऱ्या, कालच्या कपड्यांत, बाकावर हसतोय. बोटीवरच्या माणसांनी आम्हाला हात केला.

आज सकाळी व्हॅनने शेवटच्या गावी आलो. बॅगा मिळाल्या. गोळी घेतली तिने. मला किती हलकं वाटतंय, लिहिता येत नाही.

२० जून, मंगळवार

इल्फर्ड. एलियटला हो कळवलं. "रिअली? आणि आंटी ओके आहे?" म्हटलं, तुझी आंटी माझ्याआधी निघतेय.

२५ जून, रविवार

शानीचं आवरणं चालू. नर्सचं आवरणं, चादरीच्या कोपऱ्यापासून कपाटापर्यंत. तीन ढीग: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. न्यायचा ढीग सगळ्यात लहान. म्हटलं, अहो, बंगला आहे ना, न्या की पितळी दिवा. म्हणाली, मॉरीनकडे जागा कमी आहे.

जरा तरी वाईट वाटावं तिला! दिवसभर गुणगुणते. मला चिडायला होतं. मी सोडून जाणार म्हणून झुरत होते, आता तीच निघाली तर मला सोसवत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

चालायला गेलो नाही.

२९ जून, गुरुवार

शानी गेली. दोन बॅगा, एक टॅक्सी. यूस्टन स्टेशनपर्यंत येते म्हटलं तर नको म्हणाली. "तुझी टाच अजून हळवी आहे." दारात मला जवळ घेतलं. असं पूर्वी कधी केलं होतं, आठवत नाही. म्हणाली, पोचले की दोन-तीन दिवसांनी फोन करते.

मीठ लाल झाकणाच्या डब्यात काढलं. मग स्वयंपाकघरात उभी राहिले.

२ जुलै, रविवार

सकाळी तिचा वाचायचा चष्मा सापडला, पोस्टाने पाठवावा म्हटलं. पत्त्यासाठी फोनच्या वहीतला मॉरीनचा नंबर लावला. मुलाने उचलला. आई जाऊन ऑगस्टमध्ये दोन वर्षं होतील म्हणाला. "युवर सिस्टर-इन-लॉ केम टू द फ्युनरल."

शब्बाथला गावाची हद्द न ओलांडणारी बाई! शब्बाथच्या दिवशी, माझ्या शेजारी बसून!

संध्याकाळी सहाला तिचा फोन आला. समुद्र छान आहे, हवा चांगली आहे, मॉरीन हॅलो म्हणते. मागे ट्रॉली खडखडत होती. कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "टी टाइम, लेडीज!"

म्हटलं, "शानीबाई, खोलीचा नंबर सांगा."

मग म्हणाली, "अकरा."

साउथएंडचं होम आहे, म्हाताऱ्या माणसांचं. नाव तिने मार्चमध्येच घातलं होतं. एलियटचा पहिला फोन तिने जिन्यातच ऐकला होता. आता पत्ता लिहून घेतला. सकाळची गाडी, शेनफिल्डला बदलायची. एलियटला अजून काही कळवलेलं नाही.

समुद्र तेवढा खरा होता.